दुःखाला वाट शब्दांची

पाऊस लांबला, दुबार पेरणीही वाया गेली, की घरात सर्वांत आधी आटते ते बोलणे. कारभारी ओसरीवर गप्प, बाई चुलीपुढे गप्प, पोरेही दबकून वागतात. विहीर आटली तर साऱ्या गावाला दिसते. माणूस आतून आटला तर शेजाऱ्यालाही कळत नाही. अशा दिवसांत आपल्या मागच्या पिढ्या कशाच्या बळावर तगल्या, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या गाठीला पैसा नव्हता, जवळ दवाखाना नव्हता, पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. पण शब्द होते.

तुकोबांचेच पाहा. देहूचे हे घर खाऊनपिऊन सुखी. शेती होती, दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि सारे विसकटले. पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, चारचौघांत वावरण्याची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितले आहे. आपले दिवाळे निघाले हे सांगताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. लोकांकडचे येणे सोडले आणि लोकांना शब्द दिले. भुकेची आणि नामुष्कीची झळ स्वतः सोसलेल्या माणसाचे ते शब्द होते, म्हणून ते कुणब्याच्या काळजाला भिडले. आजही आषाढीच्या वाटेवर सही न येणारा शेतकरी त्यांचे अभंग तोंडपाठ म्हणत चालतो.

बायकांचा आसरा होता जाते. पहाटे घर झोपेत असताना सासुरवाशीण दळायला बसे. दिवसभरात तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ तेवढाच. जात्याचा खुंटा हाती आला की ओठी ओवी येई. माहेर, भाऊ, आईची माया, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा, सारे त्या ओवीत असे. तोंडावर जे बोलायची सोय नव्हती, ते ती जात्याला सांगे. सीतेचे दुःख गाताना स्वतःचेही गाऊन घेई. समोर जाऊ किंवा नणंद बसलेली असली, तर तीही आपली ओवी जोडी. दोघींचे हात एका खुंट्यावर आणि दोघींचे दुःख एका चालीवर! पीठ पडे, तसे मनही हलके होई.

या ओव्यांचे मोल जाणत्यांनी ओळखले. साने गुरुजींनी त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. दुःख मात्र थांबले नाही.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी याच जात्यावरच्या. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला त्यांचा जन्म झाला. शाळा पाहिली नाही. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले आणि शेतीचे कष्ट. दळताना, कांडताना, शेतात खपताना त्या आपल्या लेवा बोलीत गाणी रचीत. मोट, पेरणी, सुगरणीचे घरटे, माणसाचे मन असे रोजच्या पाहण्यातलेच विषय. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या माउलीला अक्षर येत नव्हते, तिच्या नावाच्या पदव्या आज मुले घेतात!

पण विद्यापीठाला आपले नाव लागावे म्हणून काही त्या गात नव्हत्या. आला दिवस निभावून न्यायला गात होत्या. शब्दांचे खरे काम हेच आहे. मनात घोंघावणाऱ्या दुःखाला आकार नसतो, म्हणून त्याची भीती वाटते. ते शब्दांत आले की त्याला काठ येतात. आणि हेच दुःख आपल्याआधीही कुणी सोसून गेले आहे, हे कळले की माणूस एकटा राहत नाही.

वाचकहो, हा ठेवा आपल्या घरातच आहे. आजी अजून बोलती आहे तोवर तिच्या ओव्या नातवाकडून वहीत उतरवून घ्या. तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. रात्री जेवणे झाली की पंधरा मिनिटे कुणीतरी मोठ्याने वाचावे. पोथी असो, गोष्ट असो वा कविता. गावचे भजन बंद पडले असेल तर ते पुन्हा उभे करा. झोप येत नसेल त्या रात्री मनातले कागदावर उतरवा. कुणाला दाखवायची गरज नाही.

मात्र एक सांगितले पाहिजे. शब्दांनी कर्ज फिटत नाही की पाऊस पडत नाही. बँकेचे, विम्याचे, पंचनाम्याचे काम त्या त्या ठिकाणी जाऊनच करावे लागते. आणि घरातला माणूस जेवेनासा, बोलेनासा झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याला उपदेश करू नका, शेजारी बसा आणि "काय होतंय?" असे सरळ विचारा. तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येते. तो क्रमांक घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवा.

जात्याला ओवी ऐकवणाऱ्या बायकांना उत्तर मिळत नव्हते, तरी त्या हलक्या होत. आपल्या घरी तर ऐकणारी जिवंत माणसे आहेत. त्यांनी एकमेकांना बोलते ठेवावे, एवढेच.