सोळा मात्रांतली हवाना

तीनताल मोजता येतो ना? मग निम्मं काम झालं. सोळा मात्रा एकसारख्या लयीत मोजा आणि फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पाचच टाळ्या. चार-पाच आवर्तनं झाली की मान आपोआप हलायला लागते. हीच क्लावे! क्यूबाचा सोन, माम्बो, न्यूयॉर्कचा साल्सा आणि अख्खा लॅटिन जॅझ या पाच टाळ्यांवर उभा आहे.

पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या आणि पुढच्या आठांत दोन, म्हणून ही ‘तीन-दोन’ची क्लावे. दोन्ही अर्धुकांची अदलाबदल केली की ‘दोन-तीन’. तिसरी टाळी सातवीवरून आठवीवर सरकवली तर सोनची क्लावे रुम्बाची होते. एकाच मात्रेचा फरक, पण डौल पार बदलतो. आणि आपल्याकडे ‘खाली’ येते त्या नवव्या मात्रेवर इथंही टाळी नाही. योगायोगच, पण मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटणारा.

न वाजणारी क्लावे

क्लावे वाजवायला दोन गुळगुळीत लाकडी दांडके पुरतात. कित्येक ध्वनिमुद्रणांत मात्र ते कुणी वाजवतच नाही. पियानो, बास, कोंगा ढोल, ट्रम्पेट, सगळे ती मनात धरून वाजवतात. एखाद्यानं उलट्या बाजूनं सुरुवात केली तर जाणकार चटकन म्हणतात, ‘क्रूझादो’, म्हणजे आडवं गेलं.

आता बासकडे लक्ष द्या. आपण समेची वाट बघत बसतो आणि क्यूबन बास नेमकी सम मोकळी सोडतो. त्याचा जोरकस सूर समेच्या आधीच पडून गेलेला असतो आणि समेवर नुसता रेंगाळतो. नाचणाऱ्याचं पाऊल त्या मोकळ्या जागेत पडतं.

खोक्यांवरचा रुम्बा

क्यूबात गुलामगिरी 1886 पर्यंत टिकली. योरुबा, काँगो, कालाबार अशा निरनिराळ्या प्रदेशांतून धरून आणलेल्या माणसांनी आपापले देव आणि आपापले ढोल जिवापाड जपले. सत्ताधाऱ्यांनी ढोलांवर वेळोवेळी बंधनं घातली, तेव्हा हवाना आणि मातान्सासच्या बंदरांतल्या कामगारांनी मालाची रिकामी लाकडी खोकी वाजवायला घेतली. रुम्बा या खोक्यांवर वाढला. 2016 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

योरुबा परंपरेतले बाता ढोल तीन असतात. पखवाजासारखे आडवे, मांडीवर घेऊन दोन्ही तोंडांवर वाजवायचे. सगळ्यात मोठा इया, म्हणजे आई. मधला इतोतेले. धाकटा ओकोंकोलो. धाकटा ठेका धरून ठेवतो आणि बोलते ती आई: सगळ्यात खर्जातला ढोल पुढे होतो, प्रश्न विचारतो, बाकीच्यांना वळवतो.

माझ्या मते लॅटिन जॅझ ऐकण्याची किल्ली इथंच आहे. एरवी जॅझ ऐकताना आपण सॅक्सोफोन, ट्रम्पेट असा वरून खाली येतो. हे संगीत खालून वर ऐकावं. आधी ढोल, मग बास, मग पियानो आणि शेवटी ट्रम्पेट. ढोलाला ‘साथ’ म्हणून कानामागे टाकलं, तर अर्धं संगीत हातचं गेलं.

मारिओ बाउसाचे उपकार

हवानात 1911 साली जन्मलेला ट्रम्पेटवादक मारिओ बाउसा न्यूयॉर्कला येऊन चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये वाजवू लागला. गायिका एला फिट्झजेराल्डला चिक वेबकडे आणि तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला कॅलोवेकडे जागा मिळवून देण्यात त्याचा हात होता. मेहुणा, गायक माचितो याच्याबरोबर त्यानं ‘आफ्रो-क्यूबन्स’ हा बँड उभा केला. 1940 च्या न्यूयॉर्कमध्ये ‘आफ्रो’ हा शब्द बँडच्या नावात छातीठोकपणे मिरवणं सोपं नव्हतं.

1943 साली दोन गाण्यांच्या मधल्या वेळात बँडच्या पियानोवादकानं आणि बासवादकानं सहज एक तुकडा छेडला. बाउसानं तो डोक्यात धरला आणि त्यातून ‘तांगा’ ही रचना झाली. क्यूबन ताल आणि जॅझची मोकळी वादनपद्धत यांचा पहिला पक्का मिलाफ म्हणून तिचं नाव घेतात.

‘मान्तेका’ कशी झाली

डिझीला आपल्या मोठ्या बँडमध्ये कोंगा हवा होता. बाउसानं त्याची गाठ चानो पोसोशी घालून दिली. चानो हवानाच्या गरीब वस्तीतला, कालाबारकडून आलेल्या अबाक्वा या पुरुषांच्या गुप्त मंडळाचा सभासद. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, डिझीला स्पॅनिश येत नव्हतं. सप्टेंबर 1947 मध्ये दोघं कार्नेगी हॉलच्या मंचावर एकत्र उभे होते.

चानोला स्वरलिपी लिहिता येत नसे. ‘मान्तेका’ ही रचना त्यानं तोंडानं गाऊन सांगितली: बासनं हे वाजवायचं, सॅक्सोफोननं ते, ट्रम्पेटनं हे. एकावर एक थर. आफ्रिकी रीतीनं ते थर रात्रभर फिरत राहिले असते. डिझीला वाटलं, मध्ये कुठंतरी वळण हवं. त्यानं आठ मात्राखंडांचा मधला भाग रचायला घेतला, तो लांबत लांबत सोळांवर गेला. संयोजक गिल फुलरनं सगळं बँडसाठी बांधलं. 30 डिसेंबर 1947 ला ध्वनिमुद्रण झालं. ऐकताना सांधा स्पष्ट कळतो: गोल गोल फिरणारा भाग चानोचा, वळण घेणारा मधला भाग डिझीचा. दोन संस्कृती एकमेकींना जागा करून देताना इतक्या उघडपणे क्वचितच ऐकू येतात.

डिसेंबर 1948 च्या सुरुवातीला हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोला गोळी घातली गेली. वय 33. ढोलांचा देव चांगो याचा क्यूबातला सण तोंडावर, 4 डिसेंबरला होता.

पहाटेची मैफल

बासवादक काचाओचा जन्म हवानातल्या ज्या घरात झाला, त्याच घरात क्यूबाचे राष्ट्रपुरुष होसे मार्ती जन्मले होते. 1957 मध्ये नाइटक्लबची कामं आटोपून काचाओनं दोस्तांना पानार्त स्टुडिओत बोलावलं आणि पहाटेपासून नुसतं मनमुराद वाजवलं. त्याला देस्कार्गा म्हणतात. तुकडे दोन-तीन मिनिटांचे, पण एकही सूर फुकट नाही. पुढे 1996 मध्ये ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ची मुद्रणं याच स्टुडिओत झाली.

तितो पुएन्तेच्या ‘ओये कोमो वा’ची सुरुवातसुद्धा काचाओच्या ‘चान्चुयो’वरून घेतलेली. गिटारवादक सान्तानाच्या 1970 च्या मुद्रणात ऐकू येते तीच ही.

‘वॉटरमेलन मॅन’चा किस्साही झकास. कोंगावादक मोंगो सांतामारियाकडे हर्बी हॅनकॉक बदली पियानोवादक म्हणून आला होता. ब्राँक्समधल्या क्लबात गर्दी तुरळक. हर्बीनं स्वतःची चाल वाजवून दाखवली, ढोलवाले सामील झाले आणि बसलेले लोक उठून नाचू लागले. 1963 मध्ये मोंगोचं ते ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसलं.

बोंगो दादरपर्यंत

बोंगो हे पूर्व क्यूबाचं अपत्य. 1951 च्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्रांनी ‘शोला जो भडके’साठी बोंगो वापरला, सोबत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. त्यांच्या साथीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. भगवानदादांच्या नाचावर शिट्ट्या मारणाऱ्या पब्लिकपर्यंत हवाना अशी पोचली होती.

सुरुवात कुठून?

मी तरी माचितोच्या ‘केनिया’पासून करायला सांगेन. 1957 चं ध्वनिमुद्रण, कॅननबॉल ॲडर्लीचा सॅक्सोफोन, कान्दिदो आणि पातातोचे कोंगा. मग मोंगोचा ‘आफ्रो ब्लू’, आणि लगेच सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेननं 1963 मध्ये वाजवलेला. मोंगोकडे तीनाला दोन अशी लयकारी ढोलांत चालते, कोल्ट्रेनकडे तेच काम एल्विन जोन्सचा ड्रमसेट एकटा करतो. त्यानंतर चुचो वाल्देसच्या ‘इराकेरे’कडे वळा. 1970 च्या दशकातल्या या हवानाच्या बँडनं विजेच्या गिटारशेजारी बाता ढोल मांडले. तिथं आईचा आवाज शोधा.