मोटारीचा कासरा

बैलगाडी हाकताना आपल्या हातात कासरा असतो. कासरा ओढला की बैल वळतात. मोटारीला बैल नाहीत. तिथे कासऱ्याचे काम एक गोल चाक करते. त्याला स्टिअरिंगचे चाक म्हणतात. कासरा कुजला असेल तर शहाणा माणूस गाडी जुंपत नाही. मग स्टिअरिंगचे चाक तडकले असेल, हातात डुगडुगत असेल, तर मोटार रस्त्यावर काढावी का?

खेड्यापाड्यांत जुन्या जीपगाड्या आणि जुने ट्रॅक्टर अजून चालतात. अँबॅसडर मोटार कारखान्यात तयार होणे २०१४ साली बंद झाले, तरी कुठे कुठे तीही दिसते. अशा जुन्या गाड्यांची स्टिअरिंगची चाके बहुधा तडकलेली असतात. असे का होते, ते आधी समजून घेऊ.

या चाकाला बैलगाडीच्या चाकासारखाच मधे तुंबा असतो. तुंब्यातून आरे निघतात आणि ते बाहेरच्या कड्याला मिळतात. आत पोलाद असते, वर कडक प्लास्टिकचे आवरण असते. गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी राहते. आवरण हळूहळू आकसते. पोलाद तसे आकसत नाही. मग आवरणाला भेग पडते. भेगेत घाम आणि पाणी जाते, आणि आतले पोलाद गंजू लागते.

लोक यावर उपाय काय करतात? बाजारातून एक रंगीत कव्हर आणतात आणि चढवतात. भेग झाकली जाते, पण गंज थांबत नाही. हे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! त्यात कव्हर सैल असेल तर वळणावर ते हातात फिरते, आणि चाक जागीच राहते. मग गाडी कुठे जाईल, ते सांगायला नको.

हे चाक घरी काढून दुरुस्त करता येते. पण मंडळी, पान्याला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. नव्या मोटारींच्या चाकात मधोमध एक पिशवी घडी करून ठेवलेली असते. तिला एअरबॅग म्हणतात. टक्कर झाली की पापणी लवायच्या आत ती फुगते आणि चालकाची छाती-डोके वाचवते. तिला फुगवायला आत स्फोटक दारू असते. भलत्या वेळी ती उडाली तर हात-तोंड भाजेल, डोळाही जाईल. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढे अशी पिशवी सक्तीची झाली. त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत ती आहे. चाकाच्या मध्यावर ‘एअरबॅग’ हा शब्द किंवा ‘एस. आर. एस.’ ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ते चाक घरी खोलू नका. ते काम शिकलेल्या मिस्त्रीचेच. ज्या जुन्या गाडीत अशी पिशवी नाही, तिच्याविषयीच आम्ही पुढे सांगणार आहोत.

चाक कसे काढावे?

गाडी सपाट जागी उभी करा. पुढची चाके सरळ ठेवा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, किल्ली खिशात टाका. मग बॅटरीची वजा खुणेची वायर सोडवा. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या चाकातूनच जाते. बॅटरी जोडलेली राहिली तर हॉर्न वाजत सुटेल, नाहीतर वायर चिकटून ठिणगी पडेल.

आता मधले हॉर्नचे बटण काढा. काही गाड्यांत ते दाबून फिरवावे लागते, काहींत मागून बारीक स्क्रू असतात. आत स्प्रिंग आणि चकत्या असतात. त्या एका ताटलीत ठेवा, आणि कोणती वस्तू कोणत्या क्रमाने निघाली ते कागदावर लिहून ठेवा. बसवताना हाच कागद उलटा वाचायचा. डोक्यात ठेवलेले विसरते, कागदावरचे विसरत नाही.

बटणाखाली मोठा नट दिसेल. तो सोडण्याआधी तुंब्यावर आणि मधल्या दांड्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. दांड्याला बारीक दाते असतात, आणि तुंबा त्या दात्यांत बसतो. एक दाता इकडेतिकडे झाला तरी गाडी सरळ चालताना चाक वाकडे दिसते. रेघ असली की चूक होत नाही.

नट सोडताना दुसऱ्या माणसाने चाक घट्ट धरावे. स्टिअरिंगच्या कुलपावर जोर देऊ नये, ते मोडते. नट सैल करा, पण पुरता काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. मग चाक दोन्ही हातांनी धरून, आळीपाळीने हलवत आपल्याकडे ओढा. नट राहिल्यामुळे चाक एकदम सुटून तोंडावर बसत नाही.

चाक निघाले नाही तर दात्यांवर पातळ तेल सोडा आणि रात्रभर थांबा. तरीही हट्ट धरला तर गॅरेजमधून पुलर मागून आणा. दांड्याच्या डोक्यावर हातोडा मुळीच घालू नका. आटे बसतील, आणि खालच्या बेअरिंगलाही मार लागेल. चार आण्यांच्या घाईपायी रुपयाचे नुकसान!

दुरुस्ती कशी करावी?

चाक साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. हाताचा मळ आणि ग्रीस निघून गेले पाहिजे, नाहीतर लांबी धरत नाही. धुतल्यावर पुरते वाळू द्या. मग नीट पाहा. पोलादी कडे वाकले असेल, आरा सांध्यात तुटला असेल, किंवा तुंब्याचे दाते झिजले असतील, तर ते चाक दुरुस्त करू नका. घरी वेल्डिंग करून ते वापरू नका. दुसरे चाक आणा. फक्त आवरण तडकले असेल तरच पुढचे काम करा.

कानशीच्या कडेने प्रत्येक भेग थोडी रुंद करा. वर रुंद, खाली अरुंद, अशी ती आत पोलादापर्यंत कोरा. पोलादावरचा गंज खरवडून काढा. आता एम-सीलसारखी दोन भागांची लांबी घ्या. दोन्ही भाग सारखे घेऊन, एकच रंग येईपर्यंत मळा. पाकिटावरच्या सूचना वाचा. लांबी भेगेत दाबून भरा, थोडी वर राहू द्या. एक दिवस तिला हात लावू नका.

लांबी कडक झाली की आधी कानस, मग पॉलिश पेपर लावा. पहिला ८० नंबरचा, मग १२०, मग २४०. शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवा. हे काम अंगणात करा आणि नाकाला फडके बांधा. ती धूळ छातीत जाऊ नये. डोळे मिटून बोट फिरवा. भेग बोटाला लागली नाही म्हणजे काम जमले.

मग प्रायमरचे दोन पातळ हात द्या, आणि त्यावर काळ्या रंगाचे तीन पातळ हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. दात्यांवर आणि हॉर्नची वायर टेकते तिथे रंग लावू नका. रंग आठवडाभर सुकू द्या. चिकट राहिलेले चाक हातात नीट फिरत नाही.

चाक बसवताना

रेघेला रेघ जुळवा. नटाचे आटे झिजले असतील तर नवा नट घाला. आधी हाताने लावा, मग पान्याने आवळा. किती आवळायचा, त्याचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. त्या आकड्याप्रमाणे आवळणारा टॉर्कचा पाना गॅरेजमध्ये मिळतो. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याकडे जावे, त्यात कमीपणा नाही. सगळ्या कामात हा एक नट मोठा. रंग फिका राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. नट सैल राहिला तर भर रस्त्यात चाक हातात येईल, आणि मागे बसलेली बायका-पोरे कोणाच्या भरवशावर?

बटण बसवा, बॅटरी जोडा, हॉर्न वाजवून पाहा. चाक वर ओढा, खाली दाबा. जराही हलता कामा नये. दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहा. मग मोकळ्या माळावर गाडी सावकाश चालवा. गाडी सरळ चालताना चाक सरळ राहिले, वळणानंतर सहज परत आले, म्हणजे ठीक. चार दिवसांनी पुन्हा तपासा. चाक डुगडुगू लागले तर गाडी तिथेच उभी करा आणि मिस्त्रीला बोलवा. बाजार चुकला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो.