अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर

अतिदक्षता विभागातून मूल सर्वसाधारण कक्षात आले की पालकांचा जीव भांड्यात पडतो. ते स्वाभाविकच आहे. तथापि आजारपणातील हा टप्पा अत्यंत नाजूक असतो, हे देणगीदार, विश्वस्त व पालक यांच्या निदर्शनास आणून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे एक-दोनच बालरुग्ण असतात. सर्वसाधारण कक्षात ही संख्या कितीतरी अधिक असते आणि रात्री प्रथम धावून येतात ते शिक्षण घेत असलेले निवासी डॉक्टर. व्हेंटिलेटरवर असताना पाच दिवसांहून अधिक काळ दिलेली गुंगीची औषधे एकाएकी थांबविल्यास मुलास थरथर, घाम, ताप, जुलाब होऊ शकतात. पूर्वमाहिती नसल्यास हा नवा जंतुसंसर्ग वाटतो. श्वासनळीतील नळी काढल्यावर गिळण्याची क्रियाही काही काळ क्षीण असू शकते. तेव्हा मायेने भरविलेला घास श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

म्हणूनच रुग्ण सोपविण्याची व स्वीकारण्याची रीत निवासी डॉक्टरांना शिकवावी लागते. ‘आय-पास’ पद्धतीत पाच गोष्टी क्रमाने येतात: आजाराची तीव्रता, रुग्णाचा गोषवारा, करावयाची कामे, काय बिघडू शकेल व तेव्हा काय करावे, आणि अखेरीस स्वीकारणाऱ्याने हे सारे स्वतःच्या शब्दांत परत सांगणे. अमेरिका व कॅनडातील ९ रुग्णालयांत बालरोग निवासी डॉक्टरांनी पाळी बदलताना ही पद्धत अवलंबिल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कक्ष बदलतानाही हीच शिस्त पाळली जावी, असा आमचा आग्रह आहे. या वेळी पालकही खाटेपाशी असावेत. मुलातील बदल अनेकदा प्रथम आईच्याच ध्यानी येतो.

प्रशासनातील आम्ही मंडळी हिशेबाची. रोखपाल बदलताना नवा रोखपाल रोकड मोजूनच सही करतो. मूल सोपविताना याहून कमी दक्षता कशी चालेल?

व्हेंटिलेटरवर दात्याचे नाव कोरता येते. दोन डॉक्टरांनी खाटेपाशी दिलेल्या दहा मिनिटांवर अशी पाटी लावता येत नाही. परंतु यंत्राने तारलेले मूल सुखरूप घरी जाण्यास ती दहा मिनिटेही तितकीच आवश्यक असतात. यंत्रसामग्रीप्रमाणेच या प्रशिक्षणासही आपण सढळ हस्ते साहाय्य करावे, ही नम्र विनंती.