मैदानातली मैफल आणि रसिकाचे कान

शास्त्रोक्त तालमीत तयार झालेला गळा घेऊन एखादा गायक लोकप्रिय गाण्याच्या मैदानात उतरला की दोन तट पडतात. एक म्हणतो, गाणे घरोघर पोचले. दुसरा म्हणतो, गाणे बाजारात बसले. पाश्चात्त्य संगीतात अशा गायकाला 'क्रॉसओव्हर' गायक म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या मैफलीला लोटणाऱ्या हजारोंना जाणते टीकाकार 'रसिक' म्हणायलाच तयार नसतात; नुसते 'चाहते' म्हणून त्यांची बोळवण करतात. ही वाटणी न्याय्य आहे काय, आणि या श्रोत्यांना प्रत्यक्ष मैफलीत नेमके काय मिळते, याचा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे. उदाहरण घेऊ ते इटलीच्या लुचानो पावारोत्ती यांचे.

पावारोत्तींचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ रोजी मोदेना गावी झाला. वडील भट्टीवाले, पाव भाजणारे. पण हौसेने गाणारे. १९६१ साली पुच्चिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरातून पावारोत्ती रंगभूमीवर आले आणि पुढची तीस वर्षे युरोप-अमेरिकेतील मोठ्या नाट्यगृहांत गायले. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी बर्लिनच्या नाट्यगृहात प्रेक्षकांनी एक तास सात मिनिटे टाळ्या वाजवून त्यांना १६५ वेळा पडद्यापुढे बोलावले, अशी नोंद आहे. आपल्या संगीत रंगभूमीवरचा 'वन्स मोअर' आठवला तर ही दाद आपणांस परकी वाटणार नाही.

आता या गळ्याची करामत काय ते पाहू. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गातो. समोर सत्तर-ऐंशी वाद्यांचा मेळ गर्जत असतो, तरी त्याचा शब्द शेवटच्या रांगेत पोचतो. तो ओरडतो म्हणून पोचतो, असा सर्वसाधारण समज. पण तो खरा नाही. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात याचा उलगडा केला. वाद्यमेळाचा जोर सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास सर्वांत अधिक असतो आणि त्यावर तो उतरत जातो. तालमीचा गायक घशाची पोकळी अशी रुंद करतो की त्याच्या आवाजात ३००० कंपनांच्या आसपास एक वेगळी धार येते. वाद्ये तिथे दुबळी असतात; म्हणून त्या खिडकीतून आवाज बाहेर पडतो. म्हणजे ही ताकद मनगटाची नसून घडणीची आहे.

हा आवाज नाट्यगृहाबाहेर पडला त्याला फुटबॉलचे निमित्त झाले. १९९० सालच्या इटलीतील विश्वचषकाच्या प्रक्षेपणासाठी बीबीसीने पावारोत्तींची एक जुनी ध्वनिमुद्रिका निवडली. पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरातील 'नेसुन डोर्मा' हे ते पद. मुद्रण १९७२ सालचे, आणि वाद्यमेळाचे संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, ७ जुलै १९९० रोजी, रोममधील काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो व होसे कारेरास हे तिघे एकत्र गायले. कारेरास रक्ताच्या कर्करोगातून उठले होते आणि मैफलीचा हेतू त्यांनी काढलेल्या संस्थेस साह्य करण्याचा होता. संचालक पुन्हा मेहताच. ऑपेराच्या पदांशेजारी 'ओ सोले मियो'सारखे नेपल्सचे लोकप्रिय गीतही त्या रात्री झाले, आणि तिघांनी एकमेकांची थट्टा करीत ते रंगवले.

टीकाकारांचा पहिला आक्षेप असा की, पद नाटकातून उपटले म्हणजे त्याचा अर्थ मरतो. हा आक्षेप हलका नाही. कालाफ नावाच्या अनोळखी राजपुत्राने राजकन्येची तीन कोडी सोडवली आहेत. आता उजाडण्यापूर्वी तिने त्याचे नाव शोधले तर तो मरण पत्करणार. ते नाव शोधल्याशिवाय शहरात कोणी झोपू नये, अशी तिची आज्ञा आहे. त्या रात्री कालाफ विजयाच्या खात्रीने गातो. पण त्याच पदात दूरवरून स्त्रियांचा समूह मरणाची भीती गातो. म्हणजे नायकाच्या विजयाखाली एका शहराचा थरकाप आहे. मैदानात बसलेल्या श्रोत्याला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या पदरी नुसता विजय पडतो, थरकाप निसटतो. शिवाय मूळ ऑपेरात हे पद टाळ्यांसाठी थांबत नाही. ते पुढच्या प्रवेशात वाहत जाते. मैफलीत ऐकू येतो तो ठसठशीत शेवट मागाहून जोडलेला.

तरीही आम्हास वाटते की निवाडा इतका सोपा नाही. आपल्याकडे १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यानंतर किती नाट्यपदे नाटकातून निघून बैठकीत स्थिरावली! नाटक न पाहिलेल्या माणसाला त्या पदांनीच रागाची पहिली ओळख करून दिली. मैदानातले पद हेही दारच आहे. दारालाच घर समजू नये, हे खरे. पण म्हणून दार बंद करावे असेही नाही.

दुसरा आक्षेप ध्वनिक्षेपकाचा. ३० जुलै १९९१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये पावारोत्ती भर पावसात गायले, तेव्हा समुदाय लाखाहून अधिक होता. तिथे यंत्राविना गत्यंतर नाही. आणि यंत्र आले की आवाज वाद्यमेळातून वाट काढतो आहे की विजेने पोचतो आहे, हे कानाला कळत नाही. मग तिथे काय उरले? त्या दिवशी मागच्यांना दिसेना म्हणून छत्र्या मिटण्याची विनंती झाली आणि राजकुमारी डायनासह पुढच्यांनी छत्र्या मिटून भिजणे पत्करले. गाण्यासाठी परक्या माणसाला वाट करून द्यावी असे हजारोंना वाटते, ही रसिकतेची पहिली पायरी नव्हे काय?

दुसरी पायरी जोखीम ओळखण्याची. 'नेसुन डोर्मा'च्या शेवटी 'मी जिंकेन' या अर्थाच्या शब्दावर जो टिपेचा स्वर लागतो तो पेटीच्या भाषेत पांढरी सात. काळी एकमध्ये गाणाऱ्या आपल्या गायकाच्या तारसप्तकातला कोमल निषादच समजा. पुच्चिनीने तो अगदी आखूड लिहिला आहे. गायक तो स्वतःच्या हिमतीवर लांबवतात. स्वर फाटू शकतो, श्वास पुरणार नाही, हे श्रोत्याला आतून कळते आणि तोही श्वास रोखतो. ध्वनिमुद्रिकेत निकाल आधीच लागलेला असतो. मैफलीत तो आपल्यादेखत लागतो.

याची कसोटी पाहणारा प्रसंग १० फेब्रुवारी २००६ रोजी तुरीन येथे घडला. हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात पावारोत्तींनी हेच पद सादर केले आणि मैदान टाळ्यांनी दणाणले. त्या प्रसंगीचे संचालक लेओने माजेरा यांनी पुढे २००८ साली आपल्या पुस्तकात लिहिले की प्रकृती आणि कडाक्याची थंडी यांमुळे ते गाणे आधीच मुद्रित केले होते. गायक आणि वादक यांनी नुसता अभिनय केला. ते पावारोत्तींचे शेवटचे सादरीकरण ठरले. ६ सप्टेंबर २००७ रोजी ते निवर्तले.

मग त्या टाळ्या खोट्या म्हणाव्यात काय? आमच्या मते श्रोत्यांची भावना खोटी नव्हती; पंचेचाळीस वर्षे गायलेल्या माणसाला त्यांनी दिलेला तो मान होता. पण त्या रात्री जोखीम नव्हती, आणि जिथे जोखीम नाही तिथे मैफल नाही, स्मरण आहे. स्मरणालाही मोल आहे. मात्र दोहोंतला भेद आपल्या कानांनी ओळखावा. यापुढे यंत्रे अधिक हुशार होत जाणार, तेव्हा ही ओळख अधिकच लागेल.

म्हणून चाहत्यांना हसू नये, एवढेच आमचे म्हणणे. ज्याला एक पद आवडले त्याला त्याची कथा सांगावी. ज्याला कथा कळली त्याला एकदा ध्वनिक्षेपकाविना गाणाऱ्या माणसासमोर बसवावे. चाहता आणि रसिक या दोन जाती नव्हेत. एकाच वाटेवरचे ते दोन मुक्काम आहेत.