लेकीकडे निघालात? नेटचंही बघा!

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं ठरलं आणि आमच्या गुलमंडीतल्या घरात याद्या सुरू झाल्या. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, बाळासाठी मऊ सुती लंगोट... मछली खडक आणि रंगारगल्लीच्या किती चकरा झाल्या, त्याला हिशेबच नाही! २३ किलोची बॅग तीनदा काट्यावर चढली, तीनदा उघडली. शेजारच्या वहिनींनी लोणचं कसं बांधायचं ते सांगितलं, जावेनं थंडीचे मोजे दिले. पण मैत्रिणींनो, एकीनंही विचारलं नाही की तिकडे गेल्यावर तुमच्या फोनचं काय? मलाही सुचलं नाही. फोन आहे, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आहे, आणखी काय लागतं?

काय लागतं, ते मला चांगलंच कळलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी इंग्लंडला, कोव्हेंट्रीला पोहोचले. जावयांचं तिथलं काम एका वर्षाचं, घर भाड्याचं. घरात वायरचं इंटरनेट घ्यावं, तर बऱ्याच कंपन्यांचे करार १८ किंवा २४ महिन्यांचे. वर्षानं निघणाऱ्यानं दोन वर्षांची दोरी गळ्यात कशाला बांधून घ्यायची? म्हणून लेक आपल्या फोनवरूनच घरभर नेट पुरवायची. हॉटस्पॉट म्हणतात त्याला. ती घरात असली की माझं सगळं छान चालायचं. सकाळी यांच्याशी बोलणं, दुपारी सासूबाईंना व्हिडिओवर दर्शन, संध्याकाळी मालिका.

नोव्हेंबरमधली एक पहाट. लेकीला कळा सुरू झाल्या. "आई, तू घरीच थांब, आम्ही कळवतो," म्हणून दोघं दवाखान्यात गेली. दार लावलं, गरम पाणी ठेवलं, देवापुढे दिवा लावला आणि फोन हातात घेतला. नेट नाही! असणार कसं? ते तर लेकीच्या पर्समध्ये बसून दवाखान्यात गेलेलं. माझ्या भारतातल्या सिमचं रिचार्ज चार दिवसांपूर्वीच संपलेलं. तिकडचं सिम मी घेतलंच नव्हतं. शेजारच्या दाराची बेल वाजवावी, तर इंग्रजी ओठांवर येईना. शिवाय आपण बाहेर पडलो आणि तेवढ्यात कोणी आलं तर? सात-आठ तास मी खिडकीत उभी होते. बाहेर धुकं आणि जिवात नुसती कालवाकालव.

दुपारी अडीचला जावई आले. दारातच म्हणाले, "आई, तुम्ही मेसेज बघितला नाही? मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत."

ही बातमी सकाळी सव्वाअकरालाच गुलमंडीत पोहोचली होती. यांनी सुपारी हनुमानाला नारळ फोडून गल्लीत पेढेही वाटले होते. जिच्यासाठी मी सातासमुद्रापार गेले, तिची खबर मला सगळ्यांत शेवटी कळली! आनंदानं रडले, आणि खरं सांगू, थोडी रागानंही रडले. राग माझा माझ्यावरच होता.

त्या रात्रीच ठरवलं. या घराला स्वतःचं नेट हवं आणि मला माझं स्वतःचं सिम हवं.

वायर नको असेल तर मोबाइलच्या टॉवरवर चालणारं घरचं इंटरनेट मिळतं. पोळपाटाएवढी एक डबी येते. आत सिम असतं, प्लग लावला की घरभर वाय-फाय. खोदाई नाही, भिंतीला भोक नाही, मिस्त्रीची वाट पाहणं नाही. घर बदललं तर बहुतेक वेळा डबी उचलून सोबत नेता येते, फक्त कंपनीला विचारून घ्यायचं. आपल्याकडेही २०२३ पासून जिओ आणि एअरटेलचं एअरफायबर याच जातीचं आहे.

आता यात गोम कुठे आहे, ते आपल्याला नळाच्या भाषेत लगेच कळेल. वायरचं नेट म्हणजे थेट घरात आलेली लाइन. टॉवरचं नेट म्हणजे अख्ख्या गल्लीची एकच लाइन. सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की आपल्या नळाची धार बारीक! संध्याकाळी सगळे घरी येऊन सिनेमे लावतात, तेव्हा टॉवरच्या नेटचंही तसंच होतं. म्हणून दुकानदार दुपारी दाखवेल त्या स्पीडवर जाऊ नका. रात्री आठ-नऊला काय मिळतं ते बघा.

आम्ही निवडायला बसलो, तेव्हा चार प्रश्न वहीत लिहून काढले. तुम्हीही लिहा.

पहिला प्रश्न, राहणार किती दिवस? ब्रिटनच्या पाहुण्यांच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. अशा वेळी महिन्या-महिन्याला थांबवता येईल असाच प्लॅन घ्यायचा. दोन वर्षांचा करार दरमहा स्वस्त दिसतो, पण मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात. मग ती स्वस्ताई महागात पडते.

दुसरा प्रश्न, नेट लागणार किती? नेटफ्लिक्सच्याच हिशेबानं साध्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी आणि एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज तीन तास एचडी मालिका बघितल्या की दिवसाला ९ आणि महिन्याला २७० जीबी! त्यात जावयांच्या ऑफिसच्या मीटिंगा वेगळ्या. मग १०० जीबीचा पॅक कसा पुरणार? आणि 'अनलिमिटेड' शब्दाला भुलू नका. काही प्लॅनमध्ये ठरावीक डेटा संपला की स्पीड कमी होतो. बारीक अक्षरातली ती ओळ चष्मा लावून वाचा.

तिसरा प्रश्न, घरात सिग्नल कुणाचा? ऑफकॉम ही तिथली, आपल्या ट्रायसारखी संस्था. तिच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की त्या घरात आणि घराबाहेर कोणत्या कंपनीचा सिग्नल कसा आहे ते दिसतं. ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री ही तिथली मोठी नावं. यातल्या शेवटच्या दोन कंपन्या मे २०२५ मध्ये एक झाल्या. गिफगाफ, लेबारा अशा लहान कंपन्याही आहेत, पण त्या मोठ्यांच्याच टॉवरवर चालतात. गिफगाफ ओटूच्या, लेबारा व्होडाफोनच्या. त्यामुळे नाव बघू नका, टॉवर कुणाचा ते विचारा. आम्ही आधी डबी टीव्हीमागे ठेवली, तर नेट रडतखडत चाललं. तीच स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि एकदम झकास! विटांच्या जाड भिंतींचा अडथळा असतो, म्हणून खिडकीच बरी.

चौथा प्रश्न, नाही जमलं तर? ब्रिटनमध्ये ऑनलाइन किंवा फोनवरून केलेला असा करार १४ दिवसांच्या आत रद्द करता येतो. तोवर जेवढं वापरलं, तेवढ्याचे पैसे मागू शकतात. ते १४ दिवस म्हणजे आपली परीक्षेची वेळ. सकाळ, दुपार, रात्र सगळं तपासून घ्यायचं.

डबी आली, पण काम तिथे संपलं नाही. डबी घरात राहते आणि आपण बाळाला घेऊन बागेत जातो. म्हणून माझ्या फोनमध्ये तिकडचं एक साधं प्रीपेड सिमही घातलं. आता रस्ता चुकले तरी कुणालातरी फोन करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर मात्र भारतातलाच ठेवला. सिम तिकडचं असलं तरी तेव्हा तो चालला, बदलायची गरज पडली नाही.

आणि भारतातला नंबर? मैत्रिणींनो, तो मरू देऊ नका! बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. माझं रिचार्ज संपल्यावर सासूबाईंच्या औषधांचे पैसे मला पाठवताच आले नाहीत. शेवटी भाच्यानं इकडून रिचार्ज केलं, तेव्हा कुठे काम झालं. ९० दिवस नंबर काहीच वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की फक्त बोलणं आणि एसएमएस एवढ्याचेच पॅकही कंपन्यांनी ठेवावेत. अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायलाही परवानगी दिली. परदेशी जाणाऱ्या आईला असा लांबचा पॅक सोयीचा. निघण्याआधी पैठणगेटच्या मोबाइल दुकानात जा. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, ओटीपीचा एसएमएस तिकडे येईल ना ते विचारा आणि भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद कसं ठेवायचं तेही शिकून घ्या.

एक शेवटची गंमत. लेकीनं निघताना तिचा जुना अमेरिकेतून आणलेला आयफोन मला देऊ केला. बघते तर सिम घालायला जागाच नाही! २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनना सिमचा कप्पा नसतो. सिम फोनच्या आतच उतरवावं लागतं, त्याला ई-सिम म्हणतात. असा फोन भेट मिळणार असेल, तर आपला नंबर ई-सिमवर करण्याचं काम भारतात असतानाच उरकावं. आपला साधा, दोन सिमचा फोन नेलेला सगळ्यांत बरा.

एप्रिल २०२५ मध्ये मी परतले. आता गल्लीतली कुणी परदेशी निघाली की माझ्याकडे लोणच्याची कृती विचारायला येते. मी तिला कृती सांगते आणि मग हळूच विचारते, "फोनचं काय केलंस गं?" लोणचं सांडलं तर बॅग धुता येते. पण लेक दवाखान्यात असताना हातातला फोन मुका झाला, तर ते सात तास कसे जातात, ते मी खिडकीत उभं राहून मोजलेत.