शब्दांचे सांधे

समास म्हटले की विग्रह पाठ करायचा, गुण मिळवायचे आणि विसरायचे, असा आपला रिवाज. पण समास हा डोळ्यांइतकाच कानाचाही विषय आहे.

'किनवट' आपण चार अक्षरांत लिहितो. बोलताना मात्र 'किन्-वट्' अशी दोनच उरतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारात गळतो आणि मधलाही पुष्कळदा गळतो. 'आसमान'चे 'आस्-मान्' होते ते असेच. मग त्याच चालीने 'असमान'चे 'अस्-मान्' का होत नाही? कारण तेथे नञ् तत्पुरुष आहे: अ + समान. 'स' हा उत्तरपदाचा आरंभ असल्याने त्याचा 'अ' शाबूत राहतो. म्हणजे गळती सांधा पाहून होते.

छपाईतही सांधा सांभाळावा लागतो. ओळीच्या शेवटी 'राज-कारण' तोडले तर अर्थ राहतो. 'राजका-रण' तोडले तर वाचणाऱ्याला भलतेच रण दिसते!

आता आघात. डच भाषेत 'व्होरकोमेन' या एकाच शब्दात आघात पहिल्या अवयवावर दिला तर अर्थ 'घडणे', दुसऱ्यावर दिला तर 'टाळणे'. मराठीतील आघात सौम्य. तरी 'पूर्वजांच्या पुण्याने' आणि 'पुण्याने सामना जिंकला' ही वाक्ये म्हणून पाहा. पहिल्यात जोडाक्षरापूर्वीच्या 'पु'वर आघात येऊन तो गुरू होतो, दुसऱ्यात लघूच राहतो. लेखन एक, उच्चार दोन.

हे सारे मला पुस्तकाआधी घरीच ऐकायला मिळाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. एका वक्तृत्व स्पर्धेत 'उच्चार ग्रामीण' म्हणून माझे गुण कापले गेले. आमची आई 'पाणवठा'ला 'पानवठा' म्हणते, हे खरे. तिला समास हा शब्दही ठाऊक नाही. पण ती 'पान्-वठा' असेच म्हणते, 'घर्-जावई' असेच म्हणते. सांधा कधी चुकत नाही. 'ण'चा 'न' होणे हा बोलीचा रंग झाला. भाषेचा सांगाडा नांदेड-लातूरच्या रानातही तोच आहे, जो पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर.

जिज्ञासूंनी मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) ग्रंथालयातून जरूर काढावे. आणि कोणाच्या बोलण्याला अशुद्ध म्हणण्यापूर्वी त्याचे सांधे ऐकावेत, एवढीच परीक्षकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती.