ऊसबिल, लाउडस्पीकर आणि सासरेबुवांचे कान

दिवाळीच्या तोंडावर साखर कारखान्याचा हप्ता बँकेत जमा झाला, की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात खरेदीला ऊत येतो. कोणी ठिबकच्या नळ्या घेतो, कोणी सोने, कोणी मोटारसायकल. आमच्या नात्यागोत्यात अलीकडे या यादीत आणखी एक जिन्नस शिरला आहे: गाणे ऐकण्याचे भारी लाउडस्पीकर. मी बारामतीचा, बँकेतून निवृत्त झालेला. पण स्पीकरची खोकी बनवण्याचा नाद चाळीस वर्षांचा. तेव्हा असला प्रश्न निघाला, की मंडळी माझे दार ठोठावतात.

गेल्या वर्षी इंदापूरहून मेव्हण्यांचा फोन आला. "दाजी, नव्या बंगल्यात आप्पांसाठी स्पीकर घ्यायचेत. दोन जोड्या घरी आणून ठेवल्यात. तुम्ही फक्त एकीवर बोट ठेवा."

आप्पा म्हणजे माझे सासरे. निवृत्त शिक्षक, वय एक्क्याऐंशी. मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांच्या गाण्यासाठी एस.टी.ने पुणे गाठणारा माणूस. पण गेली दोन-तीन वर्षे त्यांनी गाणे ऐकणेच सोडले होते. "आता त्यात काही राम उरला नाही," एवढेच म्हणत. मुलाला वाटले, दोष जुन्या यंत्राचा. म्हणून हा सारा घाट.

एक जोडी छातीइतकी उंच, सव्वातीन लाखांची. दुसरी मांडीवर मावेल एवढी, लाख-दहा हजारांची. पुण्याच्या दुकानदाराने अनामत घेऊन दोन्ही आठवडाभर दिल्या होत्या. मेव्हण्यांचा कल उंच जोडीकडे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यांनी माहितीपत्रकातले आकडेही मुखोद्गत केले होते.

आकडे वाईट नसतात. पण सगळे सांगत नाहीत. अमेरिकेत शिकणाऱ्या अमर बोस यांनी १९५६ साली कागदावरचे गुण पाहून एक महागडी यंत्रणा घेतली आणि ती घरी वाजल्यावर त्यांची निराशा झाली. त्या निराशेतूनच त्यांचे पुढचे संशोधन निघाले आणि १९६४ साली स्वतःची कंपनी उभी राहिली. आकाराचेही तसेच. खर्ज हवा तर खोके कपाटाएवढे हवे, अशी जुनी समजूत होती. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी घट्ट बंद केलेल्या लहान खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि त्या समजुतीला धक्का दिला. अर्थात फुकट काही मिळत नाही. असा लहान स्पीकर आळशी असतो. त्याला अॅम्प्लिफायरची ताकद जास्त लागते. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबलने मंद असला, तर तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट मोजावे लागतात.

मी स्पीकरांआधी खोली पाहिली. चौदा फूट लांब, बारा फूट रुंद. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला काच. टाळी वाजवली तर खोलीने ती झणझणीत करून परत दिली. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती, बैठका, गाद्या-तक्के आवाज पिऊन टाकत. सिमेंट त्याला परत फेकते. वहिनींनी माळ्यावरून सतरंजी आणि धनगरी घोंगड्या काढल्या. जमिनीवर सतरंजी, समोरच्या भिंतीवर घोंगड्या. झणझण निम्म्याने उतरली.

पण घोंगडीला खर्ज आवरत नाही. सेकंदाला चाळीस कंपनांचा सूर घ्या. त्याची लाट सुमारे अठ्ठावीस फुटांची. तिची निम्मी लांबी चौदा फूट, म्हणजे नेमकी या खोलीएवढी. अशा खोलीत तो सूर भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध नाहीसा होतो. उपाय पैशाचा नाही, सरकवण्याचा आहे: स्पीकर कोपऱ्यातून बाहेर घ्यावेत, आपली खुर्ची भिंतीला टेकवू नये आणि बरोबर मध्यावरही ठेवू नये.

मग परीक्षा. डोळे कानांना फसवतात, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवले आहे: स्पीकर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण, पडदा लावताच बदलले. आम्ही आप्पांचे जुने, विरलेले धोतर दोरीवर टाकले. दुसरी काळजी आवाज सारखा करण्याची. कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस वाटतो. मोबाइलमधल्या मापकाने दोन्ही जोड्या समान केल्या. नंतर तेच तेच तुकडे आलटून पालटून: बातम्या, तंबोरा, तबला, किशोरीताईंचा आवाज.

वहिनींनी, मेव्हण्यांनी आणि मी चिठ्ठ्या लिहिल्या. तिन्हींत लहान जोडीच निघाली! उंच जोडीतला डग्गा त्या खोलीत घुमत होता आणि गाणारीच्या आवाजावर बसत होता. मोठ्या दिवाणखान्यात तीच जोडी कदाचित जिंकली असती. मेव्हण्यांनी स्वतःची चिठ्ठी दोनदा वाचली. "आणि पाहुण्यांना काय दाखवायचं, दाजी?" असे मात्र म्हणालेच.

आप्पांची चिठ्ठी कोरी होती. "दोन्ही सारख्याच," ते म्हणाले. बातम्यांत 'साठ' म्हटले की 'सात', हे त्यांना दोन्ही जोड्यांवर कळले नव्हते. तंबोऱ्याची जवारी तर ऐकूच आली नव्हती. दोन वेगळ्या स्पीकरांवर एकच उणीव दिसते, तेव्हा ती स्पीकरांत नसते. वयाबरोबर कानाचे वरचे सूर आधी जातात. व्यंजने आणि जवारी त्याच मुलखात राहतात. हे आप्पांना कसे सांगावे, या विचारात मी होतो. तेच म्हणाले, "जावईबापू, बिघाड माझ्यातच आहे, नाही का?"

त्यांना पुण्याला नेऊन कानांची तपासणी केली. आलेखात दोन हजार कंपनांच्या पुढे रेघ उतरणीला लागली होती. उंच जोडी परत गेली. वाचलेल्या पैशांत दोन्ही कानांची श्रवणयंत्रे आली आणि तरी शिल्लक उरली. त्यात एक मेख आहे, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. ही यंत्रे मुख्यतः बोलण्यासाठी बांधलेली असतात. तंबोऱ्याचा अखंड सूर म्हणजे आपलीच शिटी, असे समजून ती तो दाबू पाहतात. म्हणून गाण्यासाठी वेगळी जुळणी मागून घ्यावी. आम्ही मागितली.

सवय व्हायला दोन महिने लागले. आता संध्याकाळी आप्पा खोलीत एकटे नसतात. नातीला शेजारी बसवतात आणि तंबोरा सुरू झाला, की बोट वर करून तिला गप्प करतात. पाहुणे आले, की मेव्हणे त्यांना स्पीकर दाखवत नाहीत, ऐकायला बसवतात.